यंत्र थांबलं, पण कापड अजून बसतंय

दोन सपाट पोलादी प्लेटांच्या मध्ये काचतंतूंच्या विणलेल्या कापडाचे आठ थर ठेवले आहेत. वरची प्लेट सावकाश खाली येते आणि ठरलेल्या उंचीवर थांबते. आता काहीच हलत नाहीये. तरी पडद्यावरचा दाबाचा आकडा उतरत राहतो. पहिल्या मिनिटात भराभर, मग रेंगाळत. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मी लोडसेलला, म्हणजे जोर मोजणाऱ्या सेन्सरला, दोष दिला. केबल काढून परत लावली, कॅलिब्रेशन तपासलं, शेवटी कापडाच्या जागी लोखंडी ठोकळा ठेवला. ठोकळ्यावर आकडा ढिम्म हलेना. म्हणजे यंत्र ठीक होतं. कापडच आतल्या आत बसत होतं.

कॉम्पोझिटच्या, म्हणजे तंतू आणि रेझिन मिळून बनणाऱ्या पदार्थाच्या, कामात हे ‘बसणं’ फार मोलाचं आहे आणि नेमकं त्याच्याकडेच सगळ्यात कमी लक्ष जातं. रेझिन (तंतूंमध्ये भरायचं, नंतर घट्ट होणारं चिकट द्रव) कोणतं, ते घट्ट करणारं हार्डनर किती, क्युअर म्हणजे घट्ट व्हायला किती तास, यावर माणसं तासन्‌तास बोलतात. कापडाचं काय, तर किती लेअर टाकायचे ते ड्रॉइंगवर लिहिलेलं असतं, विषय संपला. जणू कापड साच्यात निमूट पडून राहणार आहे. प्रत्यक्षात ते स्प्रिंगसारखं उलटा जोर लावतं. वर साधी स्प्रिंग जे करत नाही तेही करतं: आपल्याला आधी किती वेळा, किती जोरात आणि किती वेळ दाबलं होतं, ते लक्षात ठेवतं.

मुळात दाबायचं कशाला? कॉम्पोझिटमध्ये भार पेलतात ते तंतू. रेझिनचं काम त्यांना जागच्या जागी धरून ठेवायचं आणि एकाचा भार दुसऱ्याकडे पोचवायचा. पवनचक्कीचं पातं असो, बोटीचा सांगाडा असो की विमानाचा पंख, एकूण आकारमानात तंतूंचा वाटा किती यावर त्या वस्तूची ताकद आणि वजन बरंचसं ठरतं. या वाट्याला कामावर ‘फायबर व्हॉल्यूम’ म्हणतात. तो वाटा ठरतो जाडीवरून, आणि जाडी ठरते कापड किती दबलं यावरून.

हिशेब अगदी सोपा आहे. ६०० जीएसएमच्या (चौरस मीटरला ६०० ग्रॅम) काचेच्या कापडाचे ४ थर घेतले तर एका चौरस मीटरवर २४०० ग्रॅम काच आली. काचेची घनता साधारण २.५५ ग्रॅम प्रति घनसेंटिमीटर. ही सगळी काच वितळवून एकसंध पत्रा केला असता तर तो ०.९४ मिलिमीटर जाड झाला असता. आता तयार लॅमिनेटची, म्हणजे रेझिन भरून घट्ट झालेल्या थरांच्या प्लेटची, जाडी १.८८ मिलिमीटर भरली तर तंतूंचा वाटा निम्मा, म्हणजे ५० टक्के. १.७१ भरली तर ५५ टक्के. २.३५ भरली तर जेमतेम ४०. ५० आणि ५५ मधला फरक आहे ०.१७ मिलिमीटरचा. साध्या कागदाचे दोन ताव एकमेकांवर ठेवले तर जेवढी जाडी होते, जवळपास तेवढा. ड्रॉइंगवर एकाच थर-संख्येने लिहिलेल्या दोन वस्तू इतक्या वेगळ्या निघू शकतात.

इथे एक गंमत सांगायलाच हवी, कारण ‘जितकं दाबाल तितकं चांगलं’ असं बरेच जण धरून चालतात. थर तेवढेच ठेवून प्लेट जास्त दाबली की ती पातळ होते. वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या घनावर अवलंबून असल्यामुळे, तंतूंचा वाटा वाढूनही ती पातळ प्लेट वाकायला सोपी होते. दाबून वाचवलेल्या जागेत आणखी एखादा थर घातला, किंवा वजन कमी करणं हाच हेतू असला, तर दाबण्याचा फायदा. नुसतं दाबायचं म्हणून दाबण्यात अर्थ नाही.

दाबायला मर्यादाही आहेच. गोल तंतू एकमेकांना चिकटवून रचले, अगदी मधमाश्यांच्या पोळ्यासारखे, तरी भूमितीच्या नियमाने ९०.७ टक्क्यांच्या पुढे जाता येत नाही. चौकटीत रचले तर ७८.५ टक्के. विणलेल्या कापडात ही स्वप्नंच. व्हॅक्यूम बॅगखाली (कापडावर हवाबंद पिशवी लावून पंपाने आतली हवा काढली की बाहेरची हवाच ते दाबते) ५० ते ५५ टक्क्यांच्या आसपास, ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाच्या भट्टीत, प्रीप्रेग (आधीच रेझिन भरलेलं कापड) वापरून ६० किंवा थोडं वर, ही व्यवहारातली पातळी. त्याच्या फार वर गेलं की तंतू तंतूला टेकतात, मधे रेझिन शिरायला जागा उरत नाही, आणि जिथे रेझिन नाही तिथून तडा सुरू होतो.

आता कापडाच्या आत डोकावू. एक काचतंतू साधारण १० ते २० मायक्रॉन जाड असतो, कार्बनचा ५ ते ७. असे हजारो तंतू एकत्र आले की एक जुडी होते. काचेच्या जुडीला रोव्हिंग म्हणतात, कार्बनच्या जुडीला टो. कार्बनमध्ये ‘थ्री के’, ‘ट्वेल्व्ह के’ ऐकू येतं ते म्हणजे जुडीत ३००० किंवा १२,००० तंतू. या जुड्या ताण्या-बाण्यात विणल्या की कापड झालं. म्हणजे पोकळी दोन पातळ्यांवर आहे: जुड्यांच्या मधली मोठी आणि जुडीच्या पोटात तंतूंच्या मधली बारीक. शिवाय विणीमुळे प्रत्येक जुडी वर-खाली लाट घेत जाते, ती लाट हीसुद्धा एक प्रकारची जागाच.

दाब आला की आधी सोपी जागा जाते. जुड्यांमधल्या फटी मिटतात, लाटा थोड्या सपाट होतात, गोलसर जुडी पसरून चपटी होते. या टप्प्यात कापड मऊ लागतं, थोड्या जोरात भरपूर दबतं. मग वळण येतं. मोठ्या फटी संपतात, तंतू तंतूवर टेकू लागतात आणि तेवढंच दाबायला कितीतरी जास्त जोर लागतो. शेवटी तर भिंतच उभी राहते. ठासून भरलेली बॅग बंद करताना हेच होतं. सुरुवातीला हाताने दाबली तरी चालतं, मग गुडघा टेकवावा लागतो, आणि चेनचे शेवटचे चार दात बॅगेवर बसल्याशिवाय जुळत नाहीत.

हे असं का, याचं उत्तर लोकरीने दिलं. दक्षिण आफ्रिकेतले लोकर-संशोधक सी. एम. व्हॅन वाइक यांनी १९४६ मध्ये लोकरीचा पुंजका दाबल्यावर काय होतं ते मांडलं. त्यांच्या मते लोकरीचा प्रत्येक केस म्हणजे दोन आधारांवर टेकलेली छोटी तुळई. दाब वाढला की केस एकमेकांना अधिक ठिकाणी टेकतात, म्हणजे आधार जवळजवळ येतात. तुळईचं अंतर निम्मं झालं की ती आठपट ताठ होते. तिची जाडी वाढलेली नसते, पदार्थ बदललेला नसतो. फक्त टेकू जवळ आलेले असतात. यातून निघालं ते असं की दाब तंतूंच्या वाट्याच्या घनाप्रमाणे वाढतो: वाटा दुप्पट करायचा तर दाब आठपट.

लोकरीचे केस कसेही पसरलेले असतात. आपल्या जुडीतले तंतू जवळजवळ समांतर असतात, त्यामुळे त्यांचा चढ आणखी तीव्र. १९८०च्या दशकात एमआयटीमध्ये टिमथी गुटोव्स्की यांनी समांतर तंतूंसाठी हाच तुळईचा विचार पुढे नेला. तंतू पूर्ण सरळ कधीच नसतो, त्याला सूक्ष्म बाक असतो; तो बाक सपाट करायला लागणारा जोर म्हणजे कापडाचा प्रतिकार. त्यांच्या समीकरणात एका कमाल वाट्याजवळ पोचताच दाब अनंताकडे धावतो. मघाशी म्हटलेली भिंत ती हीच.

कारखान्यात मात्र बहुतेक वेळा याहून साधं सूत्र वापरतात: तंतूंचा वाटा म्हणजे दाबाचा एक छोटा घात. माँट्रियालच्या रोबिटाय आणि गोव्हँ यांनी १९९८ मध्ये तोवरचे अनेक प्रयोग एकत्र तपासून असे घातांक मांडले. समजा एखाद्या कापडाचा घातांक ०.१ आला. मग दाब दुप्पट केला तर वाटा फक्त ७ टक्क्यांनी वाढतो, म्हणजे ५०चा साडेत्रेपन्न. दहापट केला तर ५०चा ६३. व्हॅक्यूम पंप म्हणजे फुकटचं वातावरण, चौरस मीटरला सुमारे १० टन. दबण्याचं बहुतेक काम तेवढ्यातच उरकतं. त्याच्या वरचे थोडेसे टक्के मिळवायला ऑटोक्लेव्ह आणि त्याचा सगळा खर्च लागतो. ते टक्के विमानाला हवे असतात. बोटीला बहुधा नसतात, आणि ते मागणाऱ्याला हा चढ एकदा काढून दाखवावा असं माझं मत आहे.

यानंतरची गोष्ट थरांची. एका थराची जाडी मोजायची आणि थरांच्या संख्येने गुणायची, हा नवख्याचा पहिला हिशेब. मीही तो केलाय आणि साचा उथळ ठेवण्याऐवजी खोल करून बसलोय. पन्हाळी पत्रे एकावर एक रचून बघा. पन्हळीत पन्हळ बसली तर दहा पत्र्यांची थप्पी एका पत्र्याच्या दहापट उंच होत नाही, बरीच कमी होते. उंचवट्यावर उंचवटा आला तर मात्र पूर्ण उंची. विणलेल्या कापडाचंही असंच आहे. एका थराचे उंचवटे शेजारच्या थराच्या खळग्यांत शिरतात. किती शिरतील हे थर टाकताना ते एकमेकांच्या तुलनेत किती सरकलेत, किती वळवलेत यावर अवलंबून, आणि हाताने टाकलेल्या थरात ते बरंचसं नशिबावर. सगळ्यात वरच्या आणि खालच्या थराची एक बाजू सपाट पृष्ठभागाला टेकलेली असते, तिला शिरायला खळगाच नसतो. म्हणून दोन थरांना हा फायदा कमी आणि दहांना जास्त. पुढे पुढे दर थरामागची सरासरी जाडी स्थिरावते. विणीऐवजी शिवून जोडलेल्या कापडात, ज्याला नॉन-क्रिंप म्हणतात, लाटा नसल्यातच जमा, तिथे हे एकमेकांत शिरणंही थोडंच.

आता सुरुवातीच्या उतरत्या आकड्याकडे. काच किंवा कार्बन साध्या तापमानाला रबरासारखे सैलावत नाहीत. सैलावते ती रचना. लाखो ठिकाणी तंतू तंतूवर घर्षणाने अडकलेला असतो. एखादा टेकू सरकतो, तंतू शेजारच्या फटीत घसरतो, त्याचा भार दुसरीकडे जातो, मग तिथला टेकू सरकतो. जाडी कायम ठेवली तर दाब उतरतो. दाब कायम ठेवला तर जाडी उतरत जाते. बॅग लावून लगेच रेझिन सोडलं आणि रात्रभर व्हॅक्यूमखाली ठेवून सकाळी सोडलं, तर थर तेच, पंप तोच, आणि कापड मात्र एकसारखं नसतं.

दाब काढला की कापड परत उसळतं, पण मूळ जाडीपर्यंत येत नाही. दुसऱ्यांदा दाबलं की त्याच जोरात आणखी थोडं खाली जातं. तिसऱ्यांदा आणखी, पण कमी. काही फेऱ्यांनंतर ते एका वाटेवर स्थिर होतं. याचाच उपयोग करून रेझिन सोडण्याआधी व्हॅक्यूम लावायचा, सोडायचा, परत लावायचा अशी पद्धत आहे. तिला डीबल्किंग म्हणतात. सगळ्यात मोठा फायदा पहिल्या फेरीत होतो. कापडावर बाइंडरची, म्हणजे थर चिकटवणारी, पूड असेल तर गरम करून दाबलं की थर जवळजवळ दाबलेल्या अवस्थेतच गोठतात आणि उसळी बरीच कमी होते.

खरी मजा रेझिन आत आल्यावर. ओल्या तंतूंमधलं घर्षण कमी होतं, त्यामुळे विणलेलं कापड त्याच दाबाखाली बहुधा थोडं आणखी बसतं. एखादा डायल गेज बॅगेवर ठेवला तर रेझिनची कड खालून जाते तेव्हा सुई किंचित खाली गेलेली दिसते. मग काही वेळाने ती वर चढू लागते. बॅग फुगली की काय? नाही. मातीच्या अभियांत्रिकीत कार्ल टर्झागी यांनी १९२०च्या दशकात मांडलेला विचार इथे जसाच्या तसा लागू पडतो: वरून येणारा भार मातीचे कण आणि त्यांच्यामधलं पाणी वाटून घेतात. आपल्याकडे मातीच्या जागी कापड आणि पाण्याच्या जागी रेझिन. रेझिन येण्याआधी वातावरणाचा सगळा दाब एकट्या कापडावर. रेझिन आपला दाब घेऊन आलं की तेवढा भार त्याच्या खांद्यावर जातो, कापड मोकळं होतं आणि उसळतं. रेझिन जिथून आत येतं तिथे त्याचा दाब जास्त, म्हणून तिथे वस्तू जाड. पंपाच्या बाजूला दाब कमी, म्हणून तिथे पातळ. एका टोकाला कॅलिपर लावून पास केलेली प्लेट दुसऱ्या टोकाला नापास होते ती यामुळे. भरणं झाल्यावर इनलेट, म्हणजे रेझिन आत येण्याचं तोंड, बंद करून पंप चालू ठेवला तर जास्तीचं रेझिन हळूहळू निघतं आणि जाडी समान होऊ लागते, पण त्याआधी रेझिन घट्ट झालं तर फरक कायमचा.

एक चूक मी अनेकांच्या सिम्युलेशनमध्ये पाहिली आहे. दाबतानाचा आलेख घालायचा आणि त्यावरून इन्फ्यूजनमधली, म्हणजे व्हॅक्यूमने रेझिन ओढून घेतानाची, जाडी काढायची. रेझिन येतं तेव्हा कापड दाबलं जात नसतं, सुटत असतं, आणि सुटण्याची वाट वेगळी असते. आलेख ओल्या कापडाचा आणि दाब कमी होतानाचा हवा.

बंद साच्यात रेझिन भरतात तेव्हा, म्हणजे आरटीएममध्ये (रेझिन ट्रान्सफर मोल्डिंग), हाच प्रश्न उलटा होतो. तिथे जाडी साचाच ठरवतो, अज्ञात असतो तो जोर. कापड ५ बार इतका विरोध करत असेल तर एका चौरस मीटरच्या साच्याला ५० टन लागतात, तेही रेझिनचा दाब धरायच्या आधी. साचा तेवढा ताठ नसला तर मधोमध बाक येतो आणि वस्तू पोटात जाड निघते.

जास्त दाबण्याची किंमत वाहण्यात मोजावी लागते. १८५६ मध्ये हेन्री डार्सी यांनी दिजाँ शहराच्या पाणीपुरवठ्यासंबंधी लिहिताना वाळूतून पाणी कसं वाहतं याचा नियम दिला. रेझिनही कापडातून तसंच वाहतं. कोझेनी-कार्मन या सूत्राने हिशेब केला तर तंतूंचा वाटा ५०चा ६० टक्के झाल्यावर कापडाची रेझिन वाहू देण्याची क्षमता जवळपास एक तृतीयांशावर येते. शिवाय स्थिर दाबाखाली अंतर दुप्पट झालं की भरायचा वेळ चौपट होतो. म्हणजे आधी उत्साहाने डीबल्किंग केलं आणि इनलेटमधलं अंतर जुन्या प्रमाणेच ठेवलं, तर रेझिन अर्ध्यात जेल व्हायची, म्हणजे घट्ट होऊन थांबायची, पाळी येते.

आतापर्यंत सगळं सपाट प्लेटवर चाललं होतं. घुमटासारख्या आकारावर कापड बसवताना ताणा आणि बाणा यांच्यातला काटकोन मोडतो, चौकटी तिरक्या होतात. कोन ३० अंशांनी बदलला तर तेवढ्याच जागेत १५ टक्के जास्त काच येते, आणि तिथे कापड आधीच ताठ असतं. आतल्या कोपऱ्यात ते कोपऱ्यापर्यंत पोचत नाही, पुलासारखं अधांतरी राहतं आणि खाली नुसतं रेझिन साचतं. बाहेरच्या कोपऱ्यावर बॅग ताणली जाऊन कापड जास्त दबतं. एकाच वस्तूत चार जाड्या, आणि प्रत्येकीचं कारण वेगळं.

मग हे सगळं मोजून ठेवलं की झालं, असं वाटेल. २०२१ मध्ये एका आंतरराष्ट्रीय तुलनेचे निष्कर्ष आले. काचेची दोन कापडं, एक ट्विल विणीचं आणि एक नॉन-क्रिंप, वेगवेगळ्या प्रयोगशाळांनी एकाच पद्धतीने, आपापल्या यंत्रावर दाबून पाहिली. ठरलेल्या जाडीला कमाल दाब किती लागला, यात फरकाचं प्रमाण ३८ ते ५८ टक्के निघालं. माणसं अडाणी नव्हती. मघाचा घातांक ०.१ घ्या: त्याचा उलटा अर्थ असा की दाब तंतूंच्या वाट्याच्या दहाव्या घाताने वाढतो. जाडीत २ टक्के चूक झाली की दाबात २२ टक्के. ५ टक्के झाली की ६३ टक्के. चार मिलिमीटरच्या थप्पीत २ टक्के म्हणजे ०.०८ मिलिमीटर. एवढी चूक व्हायला प्लेटा जराशा तिरक्या असल्या तरी पुरते, किंवा यंत्राची चौकट दाबाखाली किंचित ताणली गेली आणि ते वजा करायचं राहिलं तरी. म्हणून कापड ठेवण्याआधी रिकाम्या प्लेटा एकमेकींवर दाबून यंत्राचा स्वतःचा आलेख काढून घेतात. आमच्याकडे हे काम नव्या मुलांना देतात आणि ती कंटाळतात.

शेवटचा निवाडा तयार वस्तूतच होतो. काचेच्या लॅमिनेटचा छोटा तुकडा कापतात, त्याचं वजन आणि आकारमान नोंदवतात आणि ५६५ अंश सेल्सिअसच्या भट्टीत ठेवतात. रेझिन जळून जातं. कार्बनला हे चालत नाही, तो स्वतःच जळू लागतो, म्हणून तिथे रेझिन आम्लात विरघळवतात. काचेच्या मुशीत मात्र पांढरं कापड उरतं. चिमट्याने त्याचे थर एकेक करून सुटे करता येतात, मोजता येतात. इनलेटजवळचा एक तुकडा आणि पंपाजवळचा एक, असे दोन शेजारी शेजारी ठेवले तर थर तेवढेच निघतात, काचेचं वजनही जवळपास तेवढंच. फरक फक्त जळून गेलेल्या रेझिनच्या वजनात असतो.